एकटा उरलेला मनोरा

इंग्लंड देशात ईव्हशॅम नावाचे बाजाराचे गाव आहे. एव्हन नदीने त्याला तीन बाजूंनी वेढले आहे. जमीन सुपीक. भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी हा मुलूख नावाजलेला आहे.

बाजारातून थोडे पुढे गेले की एक उंच दगडी मनोरा दिसतो. चला, आपण तो पाहू.

मनोरा ११० फूट उंच आहे. वीस माणसे एकावर एक उभी केली, तर एवढी उंची होईल! खाली कमान आहे. तिच्यातून माणसे ये-जा करतात. वर मोठमोठ्या घंटा टांगल्या आहेत.

जवळच दोन चर्च आहेत. पण मनोरा दोन्हींपासून सुटा, एकटाच उभा आहे. पलीकडे नदीपर्यंत उतरत गेलेले हिरवे मैदान. मग हा मनोरा बांधला तरी कशाला?

याचे उत्तर त्या मैदानातच आहे. तिथे पूर्वी ख्रिस्ती साधूंचा मोठा मठ होता. सुमारे ७०० साली बिशप एग्विन यांनी तो स्थापला. पुढे आठशेहून अधिक वर्षे तो नांदला. क्लेमेंट लिचफील्ड हे तिथले एक महंत. त्यांनी हा घंटांचा मनोरा बांधवला.

मनोरा बांधून झाला आणि थोड्याच वर्षांत मठावर संकट आले. तेव्हा आठवा हेन्री राजा होता. धर्मगुरू पोप यांच्याशी त्याचे बिनसले होते. मठांच्या जमिनी आणि संपत्ती यांवर त्याचा डोळा होता. १५३६ ते १५४० या काळात त्याने देशातले मठ बंद केले. १५४० साली ईव्हशॅमचाही मठ गेला.

रिकाम्या मठाची मग दगडाची खाण झाली. घडीव दगड आयताच मिळतो, तर कोण सोडील? ज्याला लागेल त्याने नेला. कुणाच्या घराला लागला, कुणाच्या कुंपणाला. बघता बघता एवढा मोठा मठ नाहीसा झाला. आज एखादी कमान, थोडी भिंत, असे थोडकेच काही उरले आहे.

मनोरा मात्र वाचला. तो गावाचे घंटाघर झाला. त्या काळी घरोघर घड्याळे नव्हती. घंटेवरून माणसांना वेळ कळे. घंटा साऱ्या गावाच्या कामाची होती. आजही तिथे घंटा वाजतात.

मठ एका दिवसात गेला नाही. एकेक दगड करून गेला. आपल्या गावातही जुनी वेस असेल, बारव असेल. एका दगडाने काय होते, असे आपल्याला वाटते. काय होते, ते ईव्हशॅमच्या मैदानात दिसते.