पोस्टग्रेसमध्ये स्वतःचा पॅरामीटर : तांदळाच्या हिशोबातून



टोकावडे परिसरातली आमची शाळा पहिली ते आठवीची. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. हा हिशोब मी पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये ठेवतो. सुरुवातीला १०० हा आकडा चार क्वेरींमध्ये थेट लिहिला होता. वरच्या वर्गांचा हिशोब आला की चारही जागी बदल करायचा, आणि एखादी जागा हमखास राहून जायची!

यावर उपाय म्हणजे स्वतःचा पॅरामीटर. आदेश असा : सेट आहार.ग्रॅम = १५०. (प्रत्यक्षात आदेश इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा.) नावात टिंब हवंच. टिंबाआधी आपल्या कामाचं नाव, नंतर त्या मूल्याचं. टिंब विसरलात तर असा पॅरामीटर माहीत नाही, अशी चूक येते. २०१२ च्या ९.२ आवृत्तीपूर्वी टिंबाआधीचं नाव सेटिंगच्या फाइलमध्ये आधी नोंदवावं लागायचं, आता ती कटकट नाही. क्वेरीत हे मूल्य करंट_सेटिंग या फंक्शनने वाचायचं. मात्र ते मजकूर म्हणून मिळतं, म्हणून गुणाकाराआधी त्याची संख्या करून घ्या.

आता माझी फजिती सांगतो. नुसत्या 'सेट'ने दिलेलं मूल्य ते कनेक्शन चालू असेपर्यंत टिकतं. एकदा १५० ठेवून मी उठलो, खिडकी तशीच उघडी. आमच्या बाईंनी त्याच खिडकीत पहिली ते पाचवीच्या ४० मुलांची नोंद केली. ४ किलोऐवजी खर्च पडला ६ किलो! वहीपेक्षा कोठीत २ किलो तांदूळ जास्त, आणि कारण सापडेना.

तेव्हापासून बिगिन आणि कमिट यांच्यामध्ये 'सेट लोकल' वापरतो. व्यवहार संपला की मूल्य आपोआप मूळ जागी येतं. मूळ मूल्य १०० हे 'आल्टर डेटाबेस'ने एकदाच ठरवून दिलंय. नवीन कनेक्शन त्यावरच सुरू होतं.

एक मात्र लक्षात घ्या, असा पॅरामीटर जोडलेला कोणीही बदलू शकतो. कोणाला काय दिसावं हे त्याच्या भरवशावर ठेवू नका. आणि खरं सांगू? इयत्तेनुसारचं प्रमाण टेबलातच शोभतं. मीही आता ते तिकडे हलवलंय; पॅरामीटरमध्ये फक्त आत्ता कोणत्या गटाची नोंद चालू आहे, तेवढंच ठेवतो.