गेट पास, जुनी केस आणि दारू



मंडळाचा कार्यक्रम आटोपला की कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतो, "गावाकडे एक जुनी केस आहे. गेट पास अडकेल का हो?" चारचौघांत बोलायचा हा विषय नव्हे, म्हणून इथे लिहीत आहोत.

आपलं अहमदी तेलावर वसलेलं गाव. बुरगाणला १९३८ साली तेल लागलं आणि पुढे कंपनीने हे शहर बांधलं. आजही फोरमन असो की इंजिनियर, तेलक्षेत्राच्या फाटकातून आत जायचं तर सुरक्षा मंजुरी आणि गेट पास हवाच. तो नाकारला गेला तर ठेकेदार कंपनीला आपला उपयोग राहत नाही, आणि इकामा त्याच नोकरीवर असतो.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो ३१ डिसेंबरच्या केसबद्दल. मुंबई-पुण्यात नाकाबंदीत सापडलो, दंड भरला, पावती घेतली, विषय संपला असं आपण समजतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली (१०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल) कोर्टात गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही शिक्षाच असते. त्यामुळे फॉर्मवर "कधी शिक्षा झाली आहे का?" या प्रश्नापुढे "नाही" लिहिणं खोटं ठरतं. पासपोर्टच्या अर्जात माहिती लपवली तर तो वेगळा गुन्हा होतो, आणि मूळ दंडापेक्षा तो महागात पडतो.

याहून वाईट म्हणजे केस अर्धवट टाकून विमानात बसणं. तारखेला गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. दूतावासात नूतनीकरणाचा अर्ज केला, गावच्या पोलिसांचा प्रतिकूल अहवाल आला, की पासपोर्ट थांबला. पासपोर्ट नाही तर इकामा नाही. यावर वाट आहे: २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित कोर्टाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. पण खरा उपाय सुट्टीत वकील गाठून केस निकाली काढण्याचाच.

आता इथलं. महाराष्ट्रात परवान्यावर पिता येतं, कुवेतमध्ये परवाना ही भानगडच नाही. १९६४ च्या कायद्यापासून दारूवर बंदी आहे. परदेशी माणसाला कोर्टाच्या निकालाशिवायही प्रशासकीय आदेशाने परत पाठवता येतं. नवा पासपोर्ट काढून परत येऊ, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. २०२४ अखेरपर्यंत परदेशी रहिवाशांनाही बायोमेट्रिक नोंदणी सक्तीची केली गेली. नाव बदललं तरी बोटांचे ठसे तेच राहतात. आणि गुपचूप गाळलेल्या दारूचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये मिथेनॉलच्या विषबाधेने इथे २३ माणसं गेली. रुग्ण १६० होते, बहुतेक आपल्यासारखेच आशियाई.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलं असेल की तिथे सरकारी सुरक्षा मंजुरीचे लेखी निकष आहेत (२०१७ पासूनचे). किती वर्षं झाली, उपचार घेतले का, पुन्हा घडलं का, हे पाहून निर्णय होतो. आपल्यासाठी इथे अशी छापील मोजपट्टी नाही. म्हणूनच कागद आधीपासून स्वच्छ ठेवायचे.

ज्यांना पिणं आवरत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उपचार घेणं हा गुन्हा नाही, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटमध्ये गुन्ह्यांचा तपास असतो, दवाखान्याचा नव्हे. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. निवासी उपचाराला वेळ लागतो, तेव्हा सुट्टीचं तिकीट काढण्याआधी तिथे विचारून घ्या. घरच्यांना लाज वाटेल म्हणून सुट्टी लग्नकार्यात घालवून तसेच परतणारे आम्ही पाहिले आहेत.

केस सुटली असेल तरी निश्चिंत राहू नका. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमध्ये निकालाची नोंद वेळेवर होईलच असं नाही. कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत घ्या, दोन-तीन घ्या. एक गावी ठेवा, एक इथे आणा.