डोक्यात नाही, डोक्यावर हवा!

आमच्या नगरमधल्या सावेडीच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्यात एकही शर्ट नाही, नुसत्या टोप्या! फेटे, पगडी, आजोबांची काळी टोपी, कानटोप्या, रंग उडालेली एक सोला हॅट, शिवाय एक हेल्मेटसुद्धा. पाहुणे आले की ते कपाट उघडायला मला घरात बंदी आहे, कारण मी बोलत सुटतो आणि पाहुण्यांचा चहा गार होतो. तुम्हाला चहा द्यायचाच नाहीये, तेव्हा या, उघडूया.

पण आधी एक पैज. फ्रीजमधून बर्फाचे सारखे दोन खडे काढा आणि दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये बांधा. एक वाटीत तसाच ठेवा. दुसरा लोकरीच्या कानटोपीत नीट गुंडाळून ठेवा. आधी कुठला वितळेल? कानटोपीतला, असंच वाटतं ना? लोकर गरम असते म्हणून? थोड्या वेळाने उघडून बघा. वाटीतल्याचं पाणी होत आलेलं असेल आणि कानटोपीतले महाशय अजून बऱ्यापैकी शाबूत असतील.

लोकरीला स्वतःला काही गरम करता येत नाही. तिच्या धाग्यांच्या गुंत्यात हवा अडकून बसते आणि अशी अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. डिसेंबरात ती डोक्याची ऊब बाहेर सोडत नाही, बर्फाच्या वेळी खोलीची ऊब आत घेत नाही. पहारेकरी तोच, फक्त चोर वेगळ्या बाजूने येतो.

आता ही सोला हॅट उचला. अरे, दोन्ही हात कशाला? दोन बोटं पुरेत! जुन्या सिनेमातला इंग्रज कलेक्टर घोड्यावरून येतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर असते ना, तीच ही. दिसायला एकदम दणकट, वजनाला काहीच नाही. माझ्या हॅटचं अस्तर एका जागी उसवलंय. तिथून डोकावलं तर आत पांढरंशुभ्र, नखाने दाबलं तर खड्डा पडेल असं काहीतरी दिसतं. थर्मोकोल? छे. हा आहे शोला नावाच्या वनस्पतीच्या खोडाचा गाभा. बंगाल, आसामकडच्या दलदलीत ती उगवते आणि कूळ विचाराल तर शेंगांचं, म्हणजे आपल्या तुरीची, हरभऱ्याची ती लांबची बहीण. तिच्या खोडात बारीक बारीक पोकळ्या आणि त्यात हवाच हवा. कारागीर धारदार सुरीने हे खोड गोल गोल सोलत जातात. कागदासारखा लांब पापुद्रा निघतो. असे पापुद्रे साच्यावर एकावर एक चिकटवायचे, वरून खाकी कापड चढवायचं, झाली हॅट. बंगाली नवरदेवाच्या डोक्यावरचा पांढरा टोकदार टोपर असतो ना, तोही शोल्याचाच.

या हॅटच्या आतली पट्टी बघा. ती हॅटला पूर्ण चिकटलेली नाही, मध्ये फट ठेवलीय. माथ्यावरही एक भोक आहे, वर छोटं टोपण लावून झाकलेलं. म्हणजे भिंतीत कोंडलेली हवा उन्हाला अडवणार आणि डोक्याजवळची गरम, घामट हवा वरून निघून जाणार. नगरचं एप्रिलमधलं ऊन ज्याने खाल्लंय, त्याला या फटीची किंमत कळेल. पावसात मात्र साहेबाची फजिती. शोला पाणी पितो आणि मऊ पडतो.

आपल्या फेट्यालाही हेच जमतं. पाच-सहा मीटर कापड डोक्याभोवती फिरलं की प्रत्येक पदराखाली हवेचा एक थर. टाचणी नाही, गाठ नाही; कापडावर कापड घासून सगळं जागच्या जागी बसतं. मला अजून एकट्याने धड बांधता येत नाही. पगडीचं बरं असतं, ती बांधूनच मिळते, घातली की झालं. पुणेरी पगडीला तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

या कपाटात एक टोपी मी मुद्दाम आणलेली नाही: जुनी विलायती फेल्ट हॅट. फेल्ट विणत नाहीत. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता आणि रगडणं मिळालं की खवले एकमेकांत अडकतात आणि जाड, घट्ट कापड तयार होतं. (लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की धाकट्या भावाच्या मापाचा होतो, तो यामुळेच.) सशाच्या केसांचे खवले पटकन अडकावेत म्हणून युरोपातले टोपीवाले पूर्वी पाऱ्याचं रसायन लावायचे. त्याची वाफ नाकातोंडात जाऊन बिचाऱ्यांचे हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं, स्वभावच बदलायचा. अमेरिकेत हा प्रकार थांबायला १९४१ साल उजाडलं. जुन्या हॅटमध्ये आजही पारा सापडतो. नकोच ती.

सगळ्याच टोप्या काही हवेच्या टोळीतल्या नाहीत. नगरमध्ये रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे काळी बेरे टोपी घातलेले जवान तुम्ही पाहिलेच असतील. ब्रिटनच्या रणगाडा दलाने ही टोपी १९२४ मध्ये घेतली. रणगाड्यात जागा चिंचोळी आणि जिकडेतिकडे तेल, ग्रीस. काळ्यावर डाग दिसत नाही आणि पुढे झापड नसल्यामुळे दुर्बिणीला डोळा सरळ लावता येतो. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, रणगाड्यातल्या काही सैनिकांच्या तोंडावर चामड्याचा मुखवटा असे आणि त्याच्या खाली लोंबणारी लोखंडी कड्यांची जाळी! कारण गोळी बाहेरून आपटली, तरी आतल्या बाजूने धातूच्या कपच्या उडायच्या. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर रणगाड्याच्या झडपेकडे नीट बघा आणि आत बसून हे सगळं तोंडाला बांधायचं, अशी कल्पना करा.

उरलं हेल्मेट. वरचं कवच टणक, आत फुगवलेलं थर्मोकोल, म्हणजे पुन्हा बहुतांश हवाच. पण इथे तिचं काम वेगळं. डोकं आपटलं की हे बुडबुडे चिरडतात आणि डोकं एकदम न थांबता किंचित सावकाश थांबतं. हा ‘किंचित’ म्हणजे सेकंदाचे काही हजारांश, पण मेंदूला तेवढाही फार उपयोगी. एकदा चिरडलेले बुडबुडे मात्र पुन्हा फुगत नाहीत. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं असतं, बाहेरून ओरखडा नसला तरी. ‘काही नाही झालंय त्याला,’ असं दादा म्हणाला, तर आतलं अस्तर काढून दाब पडलेली जागा त्याला दाखवा.