चिपिंग कॅम्पडेन : लोकरीच्या पैशाचें गांव

संपत्तीनें गांव वाढतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु दारिद्र्यानें एखादें गांव राखलें, असें कोणी म्हटल्यास नवल वाटेल. इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उत्तर टोंकास वसलेल्या चिपिंग कॅम्पडेनची हकीकत मात्र तशीच आहे. ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजींत बाजार. आपल्या पेठ वडगांवच्या नांवांत ‘पेठ’ आहे, तसाच हा प्रकार.

मध्ययुगांत या टेकड्यांवरील मेंढ्यांच्या लोकरीस परदेशांतहि मोठी मागणी असे. त्या व्यापारांत विल्यम ग्रेव्हेल हा अग्रगण्य होता. तो १४०१ सालीं वारला. परंतु हमरस्त्यावरील त्याचें घर अद्याप उभें आहे, आणि सेंट जेम्सच्या चर्चमध्यें पितळी पत्र्यावर त्याची व त्याच्या पत्नीची आकृति कोरलेली दिसते. पुढें बॅप्टिस्ट हिक्स या लंडनच्या धनाढ्य रेशीम-व्यापाऱ्यानें १६१२ सालीं गोरगरिबांसाठीं बारा घरें बांधिलीं, व १६२७ सालीं लोणी, चीज व कोंबड्या विकणाऱ्यांसाठीं दगडी कमानींचा बाजारमंडप उभारला. त्याचा स्वतःचा वाडा १६४५ सालीं यादवी युद्धांत जळाला. लोकांसाठीं बांधलेल्या वास्तु मात्र टिकल्या.

लोकरीचा व्यापार ओसरल्यावर सारें गांव पाडून नव्यानें बांधण्याइतका पैसा उरला नाहीं. त्यामुळें मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाचीं पुष्कळ घरें जागच्या जागीं राहिलीं. या जुनेपणाच्या ओढीनें १९०२ सालीं सी. आर. अॅशबी यांनीं लंडनच्या पूर्वभागांतून आपले कारागीर सहकुटुंब येथें आणले. त्यांची हस्तव्यवसायाची संस्था थोड्याच वर्षांत बुडाली. तथापि त्यांच्या जुन्या रेशीम-गिरणींत चांदीकाम आजहि चालतें. कलामीमांसक आनंद कुमारस्वामी हेहि त्या काळीं शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्यें राहत, व सिंहली कलेवरील त्यांचा ग्रंथ १९०८ सालीं तेथेंच छापून पुरा झाला.

पुढें खुद्द बाजारमंडपच विकला जाऊन अमेरिकेस जाण्याचा प्रसंग आला. तेव्हां, ऐन महायुद्धांत, १९४२ सालीं गांवकऱ्यांनीं पैसा जमवून तो विकत घेतला व नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. बाथ शहरापर्यंतची १०२ मैलांची पायवाट आज याच मंडपापासून सुरू होते.

दारिद्र्य जें राखतें तें अजाणतां राखतें. पैसा पुन्हा खेळूं लागला म्हणजे तें राखणें माणसांनींच पत्करावें लागतें. कॅम्पडेनच्या लोकांनीं तें वेळीं पत्करलें.