डबक्यातले पाणी आणि मेंदूज्वर



केरळमधल्या ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्या आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर वाचल्या असतील. पिंपरी-चिंचवडच्या मंडळ्यांमध्ये मल्याळी कुटुंबे बरीच आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर मुलांना तळ्यात उतरू द्यावे का, असे ती विचारतात. इकडे चाकणच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर आणि खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांमध्ये मुले ऐन उन्हाळ्यात मातीच्या खड्ड्यांत, बंद पडलेल्या खाणींत साचलेल्या पाण्यात डुंबत असतात. म्हणून हा आजार काय आहे, हे आपण नीट समजून घेऊ.

अमिबा म्हटले की आपल्याला आमांश आठवतो. तो अमिबा माणसाच्या आतड्यात राहतो आणि घाण पाण्यातून, अन्नातून पसरतो. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो वेगळा. त्याला जगायला माणूस लागत नाही. तो माती, तळी, विहिरी, टाक्या यांत मोकळा राहतो आणि तिथले जीवाणू खाऊन जगतो. म्हणून शास्त्रज्ञ अशा अमिबांना ‘मुक्तजीवी’ म्हणतात. त्यांच्या पुष्कळ जाती आहेत. माणसाला त्रास देणाऱ्या मोजक्याच. त्यांतला सर्वांत घातक म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी. त्याला कोमट पाणी आवडते, अगदी ४६ अंश सेल्सिअसपर्यंतचे सुद्धा.

हे पाणी पोटात गेले तर हा रोग होत नाही. एकापासून दुसऱ्यालाही होत नाही. पाणी नाकात जोराने शिरले, तरच धोका. नाकाच्या वरच्या टोकाला वास ओळखणारे मज्जातंतू असतात आणि ते कवटीच्या चाळणीसारख्या पातळ हाडातून मेंदूत जातात. त्याच वाटेने अमिबा आत शिरतो. उडी मारणे, बुडी घेणे, न उकळलेल्या पाण्याने जलनेती करणे, या त्याच्या वाटा. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असाच मृत्यू झाला होता.

हा रोग जगासमोर आला १९६५ मध्ये. ऑस्ट्रेलियातील माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर या डॉक्टरांनी त्याचे रुग्ण प्रथम नोंदवले. अमिबाला फाउलर यांचेच नाव मिळाले. दक्षिण ऑस्ट्रेलियात गावांना पाणी पुरवणारे नळ जमिनीवरून मैलोन्‌मैल उन्हात तापत जात. शेवटच्या गावापर्यंत पोहोचताना पाणी गरम झालेले आणि त्यातले क्लोरीन संपलेले असे. मुलांच्या मृत्यूंनंतर तिथल्या शासनाने शेवटच्या नळापर्यंत जंतुनाशक टिकेल अशी व्यवस्था केली. भारतात १९७१ मध्ये दोन मुलांमधल्या या आजाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली.

केरळात पहिला रुग्ण २०१६ मध्ये आलप्पुळा इथे आढळला. २०२४ मध्ये राज्यात अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे ३६ रुग्ण नोंदले गेले आणि ९ जण दगावले. एरवी नेग्लेरियाच्या शंभर रुग्णांपैकी ९७ जण वाचत नाहीत. केरळच्या आकड्यात इतर अमिबांचे रुग्णही आहेत, तरीही फरक मोठा आहे. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूज्वराच्या रुग्णांमध्ये अमिबा मुद्दाम शोधायला सुरुवात केली, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण.

कोझिकोड जिल्ह्यातील एका १४ वर्षांच्या मुलाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या वडिलांनी या रोगाविषयी वाचले होते. मुलगा आजारी पडताच, तो काही दिवसांपूर्वी तळ्यात पोहला होता, हे त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगितले. लगेच तपासणी झाली आणि इतर औषधांबरोबर मिल्टेफोसिन हे, काळा आजारावर वापरले जाणारे, औषध सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये तो बरा होऊन घरी गेला. जगात असे वाचलेले फार थोडे आहेत.

त्या एका वाक्याला इतके मोल का? तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे ही लक्षणे पाण्यात गेल्यापासून १ ते १२ दिवसांत दिसतात आणि ती नेहमीच्या मेंदूज्वरासारखीच असतात. पण त्याची नेहमीची औषधे इथे चालत नाहीत आणि लक्षणे दिसल्यापासून साधारण पाच दिवसांत मृत्यू ओढवतो. डॉक्टरांना शंका आली, तर पाठीतून काढलेले पाणी ताबडतोब सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. शंका येण्यासाठी तळ्याची गोष्ट त्यांच्या कानावर पडावी लागते. आपल्या वाडीवरची आई मात्र डॉक्टरांसमोर घाबरून गप्प राहते आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर देते. तिच्या बाजूला उभे राहून हे सांगणारे कोणीतरी हवे.

असाच दुसरा मुक्तजीवी अमिबा, अकँथामिबा, डोळ्यांना इजा करतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुतेक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना गाठतो. आपल्या देशात तो शेतात, मातीत राबणाऱ्यांनाही गाठतो. भात लावताना किंवा भट्टीवर डोळ्यात काडी-माती जाते आणि डबक्याच्या पाण्याने डोळा धुतला जातो. मग डोळा लाल होतो, असह्य दुखतो आणि पुढे बुबुळावर फूल पडते. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी खरा आजार झाकला जातो आणि वाढतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लवकर गेल्यास दृष्टी वाचू शकते. उपचार मात्र अनेक महिने चालतात.

म्हणून वस्तीवर जाताना एवढे सांगत राहू या. उन्हाने तापलेल्या, साचलेल्या पाण्यात मुलांनी बुडी मारू नये. उतरलीच तर नाक पाण्याबाहेर ठेवावे, तळाचा गाळ ढवळू नये. बाळाला न्हाऊ घालताना नाकात पाणी जाऊ देऊ नये. जलनेतीसाठी उकळून गार केलेलेच पाणी घ्यावे. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते का, टाकी धुतली जाते का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारावे. वीटभट्टीच्या मालकाकडे अंघोळीसाठी स्वच्छ पाण्याची टाकी मागावी. हा आजार अतिशय विरळ आहे. पण स्वच्छ पाण्याने जुलाब आणि काविळीसारखे रोजचे आजारही टळतात.

शोमरोनी स्त्रीशी बोलताना आपल्या प्रभूने आधी विहिरीचे पाणीच मागितले होते. तहान आणि पाणी त्याला क्षुल्लक वाटले नाही. भट्टीवरच्या लेकरांसाठी, त्यांच्या आयांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर-परिचारिकांसाठी या तिमाहीत प्रार्थना करा. आपल्यापैकी जे परिचारिका किंवा औषध दुकानदार आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार दुपारचा वेळ वस्तीभेटीसाठी द्यावा, ही नम्र विनंती.