उंच गाडी, मोठी चाके आणि त्यांचे मोल

जबलपूर शहरातील घमापुर वस्तीपासून फारशा दूर नसलेल्या लष्करी कारखान्यांच्या परिसरात ‘जोंगा’ या गाडीचा जन्म झाला. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. जपानच्या निसान पॅट्रोल या गाडीच्या नमुन्यावर ती बेतलेली होती. १९६९ ते १९९९ या काळात ती भारतीय सैन्यासाठी तयार होत असे. सेवेतून काढलेल्या अनेक जोंगा लिलावाने नागरिकांच्या हाती आल्या. अशा गाड्यांचे काही मालक गाडी आणखी उंच करतात आणि तिला मोठे टायर बसवतात. या बदलाची किंमत साधारणतः टायरच्या किंमतीवरून मोजली जाते. प्रत्यक्षात तो हिशेबाचा केवळ आरंभ असतो.

उंची येते कोठून?

जोंगासारख्या गाडीत पुढील व मागील आस अखंड असतात आणि पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर सांगाडा तोललेला असतो. अधिक वक्र पाटे बसविले म्हणजे सांगाडा वर उचलला जातो. परंतु आस मात्र होता तेथेच राहतो. आसाच्या मध्यभागी असलेले डिफरन्शियलचे घर हा गाडीच्या खालच्या अंगाचा अगदी सखल भाग होय. दगडावर प्रथम आपटते ते तेच. त्याला वर उचलणे केवळ मोठ्या टायरलाच शक्य आहे. उंच स्प्रिंगांचे मुख्य काम म्हणजे त्या टायरला फिरण्यास जागा करून देणे.

आता एक उदाहरण घ्यावे. २८ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंचांचा टायर बसविला, तर व्यास ३ इंचांनी वाढतो. पण आस वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे दीड इंच किंवा सुमारे ३.८ सेंटिमीटर. मिळकत एवढीच. आता खर्चाची बाजू पाहावी.

यंत्रावरील भार

चाकाची त्रिज्या वाढली म्हणजे तरफेची भुजा लांबते. त्यामुळे इंजिनाचा जोर तोच असला तरी जमिनीवर लागू होणारे ओढबळ जवळजवळ १० टक्क्यांनी घटते. ब्रेकचीही तीच गत होते. पायाने तितकाच दाब दिला, तरी रोधबळ कमी मिळते आणि जड चाके थांबविण्यास अधिक श्रम पडतात. वेगमापक ६० किलोमीटर दाखवीत असता गाडी ६६ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते.

गेलेले ओढबळ परत मिळविण्यासाठी आसातील क्राउन-पिनियन ही दंतचक्रांची जोडी बदलावी लागते. गाडी चारही चाकांनी ओढणारी असल्याने पुढची व मागची अशा दोन्ही जोड्या सारख्याच प्रमाणात बदलणे भाग पडते. अन्यथा दोन्ही आस परस्परांशी झगडतील. येथे खर्च दुप्पट होतो.

सांगाडा उचलल्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट अधिक तिरपा होतो. त्याच्या टोकांना असलेल्या सांध्यांचा गुणधर्म असा की, कोन १० अंश असता शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात सुमारे ३ टक्के कमी-अधिक होते. कोन २० अंश झाला की हीच तफावत १२ टक्क्यांवर जाते. दोन्ही टोकांचे कोन समान असल्यास ती आसापर्यंत पोहोचत नाही, तरी मधला शाफ्ट थरथरतो आणि सांधे लवकर झिजतात. याखेरीज लांब शॉकअॅब्सॉर्बर, ब्रेकच्या लांब नळ्या, स्टिअरिंगच्या दांड्यांची फेरजुळणी आणि पाचवा, म्हणजे जादा टायर, हे खर्च वेगळेच.

सर्वांत महाग वस्तू

सर्वांत महाग वस्तू मात्र कोणत्याही दुकानाच्या बिलात येत नाही. समजा, गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर आहे. स्प्रिंगांची व टायरची लवचीकता सोडून दिली, तर ही गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडण्याच्या सीमेवर येईल. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की ती सीमा सुमारे ४१ अंशांवर उतरते. वळणावरही गाडी पूर्वीपेक्षा कमी वेगात उलटू शकते. टपावर सामान लादले, तर धोका आणखी वाढतो.

कायद्याचा विचारही याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, विहित अपवाद वगळता, उत्पादकाने दिलेला व नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच दंडक उचलून धरला.

खडतर वाटेवर जाण्याचे स्वस्त उपायही आहेत. मान्य मापाचाच पण खोल नक्षीचा टायर वापरावा. वाळूत किंवा चिखलात टायरची हवा बेताने कमी केली, तर त्याचा जमिनीशी स्पर्श वाढतो आणि चाक कमी रुतते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा पुरी भरावी. गाडीत एक फावडे आणि ओढदोर असावा. गाडीचा आराखडा करणाऱ्याने बळ, वेग, रोध आणि तोल यांचा मेळ घातलेला असतो. त्यातील एक अंग वाढविणाऱ्याने उरलेल्या अंगांचाही हिशेब आधी मांडला पाहिजे.