फॉल-पिको झालेली साडी परत?

कापडाच्या दुकानात गल्ल्यामागे पाटी असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ती सगळेच वाचतात, पण आपल्याला लागू नाही असं समजून. मग फॉल-पिको झालेली साडी ‘घरी रंग वेगळा दिसतो’ म्हणून परत येते आणि बोलणी खातो काउंटरवरचा सेल्समन. नियम त्याने केलेला नसतो, मोडायचा अधिकारही त्याला नसतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे साडी मुळातच विरलेली किंवा डागाळलेली निघाली, तर पाटीचा आधार घेता येत नाही. (पाटी लावणारे मालक हे सोयीने विसरतात.) नुसता नणंदेला रंग आवडला नाही, तर मात्र दुकानाचा नियम चालतो, बदलून दिली तर ती मालकाची मर्जी.

माल सदोष असेल तर सेल्समनवर आवाज चढवू नका. बिल घेऊन मालकाशी बोला. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा.